आधी तू सांग

गाडीची काच खाली करून नवऱ्याने लांब श्वास घेतला आणि विचारलं, "अहाहा! आला का वास?"

शेजारी बसलेल्या सूनबाईने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड प्रसन्न होतं, म्हणजे वास चांगला होता. "काय सुंदर आहे रे!" ती म्हणाली. कशाचा, हे मात्र तिने सांगितलं नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते, वेलींना नुकती पोपटी पानं फुटली होती, बांधावर पिवळी फुलं माजली होती. यांतल्या कशाचा वास येत असेल, देव जाणे. थंडीत तिला एक साधा ताप आला होता, आणि जाताना तो तिचं नाक बरोबर घेऊन गेला होता.

एरवी हे कोणी मनावर घेतलं नसतं. पण यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चहाचा व्यापार, आणि तो सगळा नाकावर चालणारा. रोज सकाळी लांब टेबलावर पेले मांडायचे, हुंगायचे, घोट घेऊन थुंकायचा आणि कोणता माल घ्यायचा ते ठरवायचं. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंचा या धंद्यात असा दबदबा होता, की त्यांनी नाक मुरडलं तर चहाचे बागवाले माल गुपचूप परत नेत. हल्ली मात्र त्या प्रत्येक पेल्याशी "आधी तू सांग" म्हणायच्या, सून बोलायची, मग त्या हुंगून मान डोलवायच्या. सुनेला शिकवायची ही त्यांची तऱ्हा, असं सगळे कौतुकाने म्हणत.

सून आतापर्यंत जिभेवर निभावून नेत होती. कडूपणा, तुरटपणा जिभेला कळतो. ओल लागलेल्या मालाचा कुबटपणा मात्र नाकालाच कळतो, आणि चहाची माती होते ती तिथेच. आपलं चुकलं तर सासूबाई आहेतच, एवढ्याच भरवशावर ती रोज त्या टेबलाशी उभी राहायची. खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तिथून उठावं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंनी पोटच्या पोरालाही सोडलं नव्हतं. लग्नाआधी तो एकदा म्हणाला होता, "आई, हा माल कुबट आहे." सासूबाईंनी तो पास केला होता. "याला नाक नाही," असं चारचौघांत म्हणून त्यांनी त्याला जो ट्रकांच्या कामाला लावला, तो आजतागायत तिथेच होता.

"परवा ते मोठं गिऱ्हाईक माल परत पाठवतो म्हणत होतं," नवरा गाडी वळवता वळवता म्हणाला. "वास येतो म्हणे."

"त्याला काय कळतंय!" सून आणि सासूबाई एकदमच म्हणाल्या.

सुट्टीच्या मुक्कामाचं घर मळ्याच्या मधोमध होतं. मालकीणबाई उंच, मोकळ्या स्वभावाच्या, हाताला कायम माती लागलेली. पाहुण्यांनी तोंड धुतलं न धुतलं तोच त्यांनी तळघरात नेलं, पिंपांमधल्या टेबलावर प्रत्येकापुढे तीन पेले मांडले आणि वाईन ओतली. "चहा पारखणारी माणसं म्हणे तुम्ही! मग आज माझीच परीक्षा."

"आमच्या हिच्याइतकं नाक सापडायचं नाही," नवरा फुशारकीने म्हणाला. सुनेला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

पहिला पेला झाला. तुरट होता, तिने तसं सांगितलं, निभावलं. दुसरा तिने नाकाशी धरला आणि उगाच डोळे मिटले. काहीच नाही, रिकामा पेला धरला असता तरी एवढंच कळलं असतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही पेला नाकाशी धरला होता आणि त्या तिच्याकडेच पाहत होत्या.

"आधी तू सांग," सासूबाई म्हणाल्या.

"छान आहे. मऊ आहे."

सासूबाईंनी पुन्हा एकदा खोल हुंगलं. सुनेचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी मान डोलवली. "उत्तम. असं हल्ली मिळत नाही."

"काय उत्तम?" नवरा तोंड वाकडं करून पेला लांब सारत म्हणाला. "ओल्या गोणपाटाचा वास येतोय याला! आई, तुला खरंच नाही येत?"

मालकीणबाई खो खो हसत सुटल्या. "शाब्बास! अहो, ही बुचामुळे बिघडलेली बाटली. नव्या पाहुण्यांना मी एक पेला मुद्दाम यातला देते. लोक भिडेपोटी छान म्हणतात, आणि मला कळतं कोण खरं बोलणारा आहे. चला साहेब, तुम्हाला पिंपातली चाखवते." त्या त्याला पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या. त्याच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

इकडे दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भिडेपोटी खोटं बोलणाऱ्यांतल्या दोघीही नव्हत्या, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडीपासून. मला वाटायचं, तुम्ही आहात ना. आणि तुमचं?"

"तू घरात यायच्या आधीपासून." सासूबाईंनी पेला टेबलावर ठेवला. "तुला बघायला आलो तेव्हा तू दुरूनच म्हणालीस, आत दूध लागतंय. मी सून नव्हते बघत गं, नाक बघत होते."

सुनेला हे फार लागलं. पण रागवावं तर तिने तरी काय वेगळं केलं होतं? थंडीपासून गेलेला सगळा माल तिच्या डोळ्यांपुढून गेला. सासूबाई हुंगताहेत म्हणून ती बोलली, आणि ती बोलली म्हणून त्यांनी मान डोलवली. टेबलाशी दोघी होत्या आणि कोणीच नव्हतं.

"म्हणजे तेव्हाचा तो माल," ती हळूच म्हणाली, "ज्याच्यावरून यांना ट्रकांवर धाडलंत..."

"कुबटच होता. महिन्याभराने परत आला." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "तो बरोबर होता. मला लाज वाटली, आणि लाजेने मी पोराचं नाक कापलं."

पलीकडून पावलं जवळ येऊ लागली. नवरा मोठ्याने काहीतरी सांगत येत होता. सासूबाईंनी घाईघाईने डोळे पुसले आणि सुनेचा हात घट्ट धरला.

"त्याला सांगायला हवं," त्या कुजबुजल्या. "आधी तू सांग."

सुनेने हात सोडवून घेतला नाही. पण मान हलवली.

"नाही आई. या वेळी आधी तुम्ही."