सकाराची जाडी

उज्वलाबाईंनी तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला, आणि बाहेरच्या खोलीत मोठ्याने वर्तमानपत्र वाचत बसलेल्या रामलिंग सरांच्या लक्षात आले की त्या तिन्हींपैकी एकच शिट्टी कुकरची होती.

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर चौथी झाली असती.

जेवताना वरणातली डाळ कचकचली. उज्वलाबाईंनी घास तसाच तोंडात धरून भांड्याकडे पाहिले.

"कच्ची राहिली की काय हो? तीन शिट्ट्या मोजून घेतल्या मी."

"दोन माझ्या होत्या."

हे वाक्य निर्विघ्न पार पडले, कारण त्यात स नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी लातूरच्या एका दंतवैद्याने सरांना वरची कवळी बसवून दिली होती. तेव्हापासून प्रत्येक सकाराबरोबर त्यांच्या तोंडातून एक बारीक, स्वच्छ आणि लांब पल्ल्याची शिट्टी निघत असे. सर तीनदा लातूरला जाऊन आले. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "सवय होईल." सवय कोणाला होईल, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. उदगीरच्या महाविद्यालयात चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे उत्तर पटण्यासारखे नव्हते. कवळीचा टाळूकडचा भाग जाड आहे, त्यामुळे जीभ आणि टाळू यांच्यातली फट अरुंद होते, आणि अरुंद फटीतून वेगाने सुटणारी हवा शिट्टी वाजवते. बासरी याच तत्त्वावर चालते. बासरीला सवय होत नाही.

एरवी सरांनी हा त्रास सोसला असता. पण रविवारी नात साक्षीचा साखरपुडा होता. मुलगा सत्यम. मुलाचे गाव बिलोली, आडनाव सास्तुरे. सरांना या स्थळात दुसरे काहीही खोडण्यासारखे आढळले नव्हते.

पसंतीच्या दिवशीच सरांनी त्याला विचारले होते, "सत्यम, सध्या सर्व्हिस करता, की स्वतःचं सुरू केलंय?" मुलाच्या आत्याने चमकून स्वयंपाकघराकडे पाहिले होते. दोन लहान मुले इतकी हसली की त्यांना बाहेर न्यावे लागले. पाहुणे गेल्यावर श्रीशैल, म्हणजे सरांचा मुलगा आणि साक्षीचा बाप, वडिलांच्या चपला नीट लावत म्हणाला होता,

"अप्पा, त्या दिवशी माईकवर परिचय आनंदराजमामा करून देतील. तुम्ही निवांत बसा."

आनंदराज हा साक्षीचा मामा. कोणत्याही कार्यक्रमात तो माईक हातात घेई आणि तो परत मिळवायला तिघे लागत. तो चारोळ्या म्हणे, आणि त्या त्याने स्वतः केलेल्या असत.

"घरातल्या वडील माणसानं परिचय करून द्यायचा असतो," सर म्हणाले होते. त्यात दोन शिट्ट्या झाल्या. श्रीशैलने मान खाली घातली, आणि थोड्या वेळाने, "शनिवारी बघू. शिट्टी गेली तर तुम्हीच करा," असे म्हणून तो उठला होता.

तेव्हा शनिवारपर्यंत मुदत होती.

गुरुवारी दुपारी सर उज्वलाबाईंच्या शिलाई मशीनसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी वहीत आकृती काढली. मशीनवर बॉबिन भरताना हातचाकाची मधली फिरकी सैल करतात. मग सुई थांबते, चाक मोकळे फिरते आणि त्याला टेकलेली रबरी चकती बॉबिनचा दांडा गरगरा फिरवते. पायडल मिनिटाला सत्तर वेळा हलवले, खालच्या मोठ्या चाकाने वरचे लहान चाक चौपट फिरवले, आणि लहान चाकाने ती चकती पुन्हा चौपट फिरवली, तर दांड्याचे मिनिटाला अकराशे वीस फेरे होतात. त्या दांड्याला बॉबिनऐवजी घासायचा बारीक दगड लावला की झाले.

दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. तो दांड्यावर बसवायला त्यांनी चांदपाशाला बोलावले. चांदपाशाचे मशीनदुरुस्तीचे दुकान चौकातच होते, आणि ही मशीन त्याने इतक्यांदा उघडली होती की तिचा आवाज तो रस्त्यावरून ओळखे.

"भाभीला विचारलं का सर?"

"सांगितलंय."

चांदपाशाने मागे वळून रस्त्याकडे पाहिले. तिथे कोणी पोलीस नव्हता. मग त्याच्या ध्यानात आले आणि तो स्क्रूड्रायव्हर शोधण्यात गढून गेला.

"लई मशिनी पाहिल्या," तो खाली वाकून म्हणाला. "मोटार लावून शेवया काढनारा पाहिला. पन हिच्यावर दाताचा दवाखाना टाकून राहिलेले तुम्ही पहिलेच."

दगडाची दांडी बारीक होती आणि मशीनचा दांडा जाड. चांदपाशाने सायकलच्या व्हॉल ट्यूबचा बोटभर तुकडा कापला, दोन्हींवर ताणून चढवला आणि वरून दोऱ्याने करकचून बांधला. दगड फिरला. किंचित लचकत फिरला, पण फिरला.

"कवळी पक्की धरा. उडाली तर शेजाऱ्याच्या ताटात जाईल."

शुक्रवारी सकाळी प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. सरांकडे स्वतःचा स्क्रूगेज होता. पुढच्या दातांमागे कवळीची जाडी दोन पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर भरली. दर खेपेला एक दशांश घासायचे, कवळी धुऊन बसवायची, ‘साक्षी, सत्यम, सासर, सोयरीक’ हे चार शब्द म्हणायचे आणि निरीक्षण नोंदवायचे, अशी पद्धत ठरली. अंदाजे दोन पूर्णांक चारला शिट्टी थांबावी.

पद्धतीत एकच त्रुटी निघाली. सरांना पायडल मारता येत नव्हते. त्यांनी पाय दाबला की चाक उलटे फिरे, थांबे, आणि पुन्हा उलटेच फिरे. न्यूटनच्या तिन्ही नियमांचा येथे काही उपयोग होईना. उज्वलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या खांद्यावर बाह्या न लावलेले दोन ब्लाऊज होते, दोन्ही रविवारसाठीचे.

"उठा."

"अगं, वेग कायम ठेवावा लागतो. मिनिटाला बरोब्बर सत्तर."

"चाळीस वर्सं चालवून राहिले मी. तुमी आज बसले. उठा म्हन्ते ना."

त्या बसल्या, हातचाकाला एक टिचकी मारली आणि मशीन सुरू झाली. सर शेजारी उभे राहून दोन्ही हातांनी कवळी दगडाला टेकवू लागले. घड्याळ लावून पाहिले तेव्हा वेग मिनिटाला एकाहत्तर भरला. सरांनी तो वहीत लिहिला, पण बोलून दाखवला नाही.

गुलाबी भुगा उडू लागला. दोन पूर्णांक आठला शिट्टी जशीच्या तशी. सातला तिचा स्वर चढला. सहाला ‘सासर’मधली एक गेली आणि दुसरी राहिली. पाचला फक्त ‘सोयरीक’ शब्दात ती बारीकशी उरली. सरांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जो उज्वलाबाईंनी यापूर्वी फक्त श्रीशैल पहिल्यांदा चालला तेव्हा पाहिला होता. आता शेवटचा एक दशांश.

याच वेळी उज्वलाबाईंचा फोन वाजला. सुनेला ब्लाऊज कधी मिळणार, हे विचारायचे होते. उज्वलाबाई फोन खांद्याने कानाशी दाबून बोलू लागल्या आणि पाय आपोआप जोरात चालू लागले. सरांना वेग वाढलेला कळला.

"थांब!" ते म्हणाले.

परंतु थ हा दंत्य वर्ण आहे, आणि दात त्यांच्या हातात होते. उज्वलाबाईंना ‘हां’ एवढेच ऐकू आले. नवरा आपणहून शाबासकी देतो असे क्वचितच घडे. त्यांनी आणखी जोर लावला.

स्क्रूगेजवर एक पूर्णांक सात आले.

सरांनी कवळी धुतली, बसवली, आणि खिडकीकडे तोंड करून पहिला शब्द म्हटला.

"शाक्षी."

"कोन शाक्षी?" उज्वलाबाईंनी विचारले.

"शत्यम. शाशर. शोयरीक."

शिट्टी समूळ गेली होती. तिच्याबरोबर ‘स’देखील गेला होता. ‘साळा’ म्हणणाऱ्या पोरांना चौतीस वर्षे ‘शाळा’ म्हणायला लावणाऱ्या माणसाच्या तोंडात आता सगळीकडे ‘श’च होता. उज्वलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते, आणि त्या रडत नाहीत हे ताडायला विशेष निरीक्षणशक्ती लागत नव्हती.

घासलेले परत चिकटत नाही. डॉक्टरांनी फोनवर मंगळवारची वेळ दिली. चांदपाशाने मेण लावून पाहायला सांगितले. ते पहिल्या चहाबरोबर वितळून पोटात गेले.

शनिवारी संध्याकाळी श्रीशैल आला.

"अप्पा, शिट्टी गेली?"

"गेली."

"नक्की?"

"नक्की. ऐकू येते का?"

उत्तर खरे होते. ते प्रश्नापुरते मर्यादित होते, एवढेच. श्रीशैलला बरे वाटलेले दिसले. त्याने तिथूनच आनंदराजला फोन लावला आणि परिचय अप्पाच करतील असे कळवले.

मग सर वही घेऊन बसले. त्यांनी आधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे शंभर शब्द मोजले. सत्तावीस शब्दांत स होता. म्हणजे त्र्याहत्तर टक्के मराठी अजून त्यांच्या ताब्यात होती. तेवढ्यात परिचय व्हायला हवा. ‘समारंभ’ गेला, ‘कार्य’ आले. ‘सोयरे’ गेले, ‘पाहुणे मंडळी’ आली. साक्षी फार्मसी शिकलेली होती. तिला औषधांच्या विद्येची पदवी दिली. सत्यम सोलरचे काम करी. तो उन्हावर वीज तयार करू लागला. ‘नमस्कार’ अडला. तेव्हा त्यांना आठवले की त्यांच्या लिंगायत घरात वडील आल्यागेल्याला ‘शरणू शरणार्थी’ म्हणत. विज्ञानाची पदवी घेतल्यापासून सरांनी तो शब्द उच्चारला नव्हता. त्यात एकही स नव्हता.

दोन शब्द मात्र उरले. त्यांच्या जागी त्यांनी ‘माझी नात’ आणि ‘होणारे जावई’ असे लिहिले आणि वही मिटली.

रविवारी अकराला घरासमोरच्या मांडवात श्रीशैलने वडिलांच्या हाती माईक दिला. आनंदराज पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. सर उभे राहिले.

"शरणू शरणार्थी," ते म्हणाले.

बिलोलीकरांच्या रांगेत हालचाल झाली. मुलाचे आजोबा महादेवप्पा फेटा सावरून ताठ बसले. मुलीचे आजोबा देवधर्म मानत नाहीत, असे त्यांच्या कानावर आले होते.

"आमच्या घरी आलेल्या पाहुणे मंडळींना वंदन. आज माझ्या नातीला कुंकू लावण्याचं कार्य आहे. ती औषधांच्या विद्येची पदवीधर. होणारे जावई उन्हावर वीज तयार करतात..."

वाक्ये एकामागून एक बिनचूक येत होती. श्रीशैलचा चेहरा उजळला. लहान मुले शिट्टीची वाट पाहून कंटाळली आणि खुर्च्यांखाली शिरली. सरांनी शेवटचे वाक्य पूर्ण केले आणि माईक खाली आणला.

"लई ग्वाड बोलले," महादेवप्पा मोठ्याने म्हणाले. "पन पोरीचं नाव ऱ्हायलं की हो, अप्पा. बिगरनावाचं कुंकू कसं लावावं? तुमच्या तोंडानं एकदा होऊन जाऊ द्या."

सरांनी माईक पुन्हा वर नेला.

साक्षी समोर पाटावर बसली होती. बाह्या लावलेला हिरवा ब्लाऊज, हातात नारळ. हे नाव सरांनीच ठेवले होते, बारशाच्या आदल्या दिवशी, बाकी सगळ्यांनी सुचवलेली देवांची नावे बाजूला सारून. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. शिट्टी वाजेल म्हणून ती घाबरलेली नव्हती. तिला नुसते ऐकायचे होते.

सरांनी जिभेचे टोक दातांमागे नेले. फट पुरेशी नव्हती, किंवा फार होती. त्यांनी जीभ मागे घेतली, पुन्हा नेली. तीन सेकंद गेले, पाच गेले. साक्षीचे डोळे भरू लागले. मागच्या रांगेत कोणा बाईने नाक ओढले. मग दुसरीने.

आनंदराज उठला. त्याने हलकेच माईक काढून घेतला आणि आयुष्यात प्रथमच चारोळी म्हटली नाही.

"आजोबांचा कंठ दाटून आलाय," तो म्हणाला.

"असू द्या, असू द्या," महादेवप्पांनी डोळे पुसले. "नाव ठावं हाय आम्हाला. बसा अप्पा तुम्ही."

सर खुर्चीत बसले. निष्कर्ष चुकीचा होता. कारण स्पष्ट होते, मोजता येण्याजोगे होते, आणि वहीत लिहिलेले होते: एक पूर्णांक सात मिलिमीटर. एवढ्या तुटपुंज्या निरीक्षणावरून लोक कुठल्या कुठे पोहोचतात, याचे त्यांना नेहमीच नवल वाटत आले होते.

उज्वलाबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"कवळी अडली का हो?"

‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे होते. दोन्ही शब्दांत स नव्हता. दोन्ही त्यांनी सकाळपासून कितीतरी वेळा स्वच्छ उच्चारले होते. सरांनी तोंड उघडले. उज्वलाबाई वाट पाहत राहिल्या. समोर साक्षीच्या कपाळाला कुंकू लागत होते, आणि सरांनी तोंड तसेच मिटून घेतले.