पहिला धोंडा

गिरधरबुवा श्रावणात गेले आणि जैनाबादचा कलगीचा फड मुका झाला. वीस वर्षं डफावर थाप पडली की माणसं ताप्तीच्या दोन्ही काठांवरून यायची. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जबाब द्यायचा. बुवांचा जबाब कधी चुकला नाही, असं कौतिक शपथेवर सांगायचा. कौतिक बऱ्हाणपुरात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याला स्वतःला गाता येत नव्हतं, पण बुवांची एकूणएक लावणी पाठ होती. बुवांच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हता.

दसऱ्याच्या आधी फडातल्या शालिग्रामने, म्हणजे तुणतुणं धरणाऱ्या म्हाताऱ्याने, जाहीर केलं की बालाजीच्या जत्रेत फड उभा राहणार आणि पुढे गाणार मनकर्णा.

मनकर्णा शालिग्रामच्या मामेभावाची सून. उन्हाळ्यात निजामाच्या मुलखातून जीव घेऊन आलेली. तिकडे तिचं गाव जळालं, नवरा त्या धामधुमीत नाहीसा झाला. तो कलगीचा शाहीर होता आणि ती त्याच्यामागे झील धरायची, म्हणजे त्याने ओळ टाकली की ती मागून उचलायची. महिन्यापूर्वी फौज हैदराबादेत शिरली, निजामी संपली, रेडिओवर सांगितलं. पण मनकर्णा परत गेली नाही. परत जायला काही उरलं नव्हतं.

उखर्डूच्या चहाच्या हॉटेलात त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती.

"बाई? अन् सवालजवाबाला?" एकाने कप आपटला. "तुरेवाले हसतील ना भो!"

"हसू दे," उखर्डू शेगडीजवळून म्हणाला. "आपण शक्तीची बाजू गातो. तीच बाजू बाईने गायली तर तुमच्या पोटात काहून दुखते?"

"बात शक्तीची नाही. बुवांची चाल तिला येणार आहे का? ती बोलते तेच आपल्याला समजत नाही."

"आवाज ऐकला का कोणी?"

"मी ऐकला. घाटावर कपडे धुताना. चांगला आहे."

"घाटावर सगळ्यांचाच चांगला असतो."

कौतिक भिंतीला टेकून ऐकत होता. बुवांच्या जागी कोणीही उभं राहणार, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण बुवांचा सगळ्यात मोठा भक्त तोच.

"उभी राहू दे," तो म्हणाला. "बुवांच्या जागेवर पाय ठेवला ना, तर पहिला धोंडा माझा."

हॉटेल हसलं. कौतिकही हसला. कोपऱ्यात गोटू बसला होता. आखाड्यात जाणारा, मानेने जाड, बोलायला कमी. तो हसला नाही.

"दुसरा माझा," तो म्हणाला.

चार दिवसांनी कौतिक कामासाठी धूलकोटच्या बाजारात गेला. तिथे एका अनोळखी कांदेवाल्याने त्याला विचारलं, "जैनाबादचे ना तुम्ही? जत्रेत त्या बाईला ठेचणार आहेत म्हणे. तीस जण आहेत. कोणी मोठा माणूस आहे मागे, त्याने कसम खाल्ली आहे."

"कोण मोठा माणूस?" कौतिकने विचारलं.

"नाव नाही ठाऊक. बुवांचा खास होता म्हणतात."

कौतिक काम अर्धवट टाकून निघाला. घरी बायको गोदाबाईने ताट वाढलं तर तो नुसता भात चिवडत बसला.

"काय झालं?"

"काही नाही."

"घाटावर आज ती मनकर्णा होती," गोदाबाई सांगायला लागली. "मालूबाईची कळशी दगडावर पडली तशी ही खाली बसली, डोक्यावर हात घेऊन. आम्ही उठवलं तर अंग लाकडासारखं. म्हणते, दोन दिवस विहिरीच्या कपारीत बसले होते, वरून माणसं पळण्याचा आवाज येत होता. कशी गाणार हो ती, एवढ्या माणसांत?"

कौतिकने ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो शालिग्रामच्या घरी गेला. गाणं रद्द करा, एवढंच सांगायचं होतं. शालिग्राम शेतावर गेला होता. दारात मनकर्णा आली. पंचविशीची असेल. तिने त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"तुमी कौतिकभाऊ ना? बुवांचं समदं गाणं तुमाला येतं म्हणत्यात."

"येतं. मतलब, पाठ आहे."

"लोक काय म्हणत्यात, ते मला कळलंय," ती म्हणाली. "धोंडे मारणार हायेत. नावं कुणाची ते मी इचारलं न्हाई. नावं कळली की त्या माणसाच्या दारावरून पाणी आणाया जायाचं भ्या वाटंल."

"मग नका गाऊ, ताई. कशाला?"

ती उंबऱ्यावर टेकली. "भाऊ, कुठंबी बसले तरी मला त्यो पळण्याचा आवाज येतो. चुलीपाशी येतो, झोपले तरी येतो. गाताना तेवढा येत न्हाई." मग ती थोडी हसली. "तुमी सांगाया आलात, लई बरं वाटलं. गावात एक तरी माणूस हाय."

तोंडाशी आलेली गोष्ट कौतिकने पाण्याबरोबर गिळली.

तिथून तो सरळ आखाड्यात गेला. गोटू अंगाला माती लावत होता.

"गोटू, ते धोंड्याचं सोडून दे. मी गमतीने बोललो होतो."

"गंमत?" गोटूने मान वर केली. "पोरांनी धोंडे निवडून ठेवले आहेत. तुझ्या नावावर जमलेत सगळे. आता तूच मागे फिरलास तर ते कुणावर खवळतील, कौतिकभाऊ?"

गोटूचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि कौतिकला त्याचीच जास्त भीती वाटली. पोलिसात जावं असं त्याच्या मनात आलं. पण तिथे पहिलं नाव कोणाचं सांगायचं? स्वतःचंच. चौकीच्या वळणापर्यंत जाऊन तो परतला.

जत्रेच्या दिवशी दुपारी चारला ताप्तीच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांचा मंच उभारला होता. कौतिक गर्दीत उभा होता आणि त्याला एकच गोष्ट दिसत होती: नदीचा काठ म्हणजे सगळा दगडच. कुणाला निवडून आणायचीही गरज नव्हती. कडुनिंबाखाली गोटू आणि त्याची माणसं, उपरण्यांची ओझी पोटाशी धरून बसली होती.

तुऱ्याच्या बाजूने जसोंडीचे मधुकर शाहीर आले होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी सवाल टाकला: झाड नसेल तर सावली कुठली, मग शिवाआधी शक्ती कशी? गर्दीने वाहवा केली. मधुकर शाहीर मंचाच्या कडेला बसले.

मनकर्णा उठली. तिच्यामागे नुसता शालिग्राम. झील धरणारे दोघे सकाळपासून घरात कड्या लावून बसले होते. तिने डफावर थाप मारली, ओळ उचलली, आणि आवाज फुटलाच नाही. पुन्हा उचलली. पुन्हा नुसती हवा. गर्दीत कुजबुज वाढली. कडुनिंबाखालची माणसं उभी राहिली. गोटूने मान वळवून कौतिककडे बघितलं. मग बाकीच्यांनीही बघितलं. पहिला त्याचा होता.

पळून जावं असं कौतिकला मनापासून वाटलं, आणि मागे वाटही होती. तो पुढे कसा गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. मंचावर चढला आणि शालिग्रामला म्हणाला, "झील मी धरतो."

"तुला गाता येते का?"

"नाही."

त्याने मनकर्णेच्या मागे उभं राहून बुवांच्या चालीची ओळ उचलली. आवाज बेसूर, फाटका. कोणीतरी हसलं. त्या आधाराने मनकर्णेचा सूर लागला. एक कडवं पुरं झालं.

तेवढ्यात धोंडा आला. कौतिकच्या खांद्याच्या हाडावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज त्यालाच ऐकू आला. दुसरा फळीवर आदळला. मनकर्णा मटकन खाली बसली, डोक्यावर दोन्ही हात. बायका किंचाळल्या. कडेची माणसं पळायला लागली आणि शेकडो पावलं काठावरून धडधडत गेली. त्या पावलांच्या आवाजात मनकर्णा आणखी आणखी लहान होत गेली.

मधुकर शाहीर उठले. म्हातारा माणूस, पण मंचाच्या मधोमध तिच्यापुढे येऊन बसला आणि डफ मांडीवर घेऊन गरजला, "सवाल माझा आहे! जबाब मिळाल्याशिवाय मी इथून उठणार नाही. ज्याला धोंडा मारायचा त्याने मला मारून घ्यावा."

तुऱ्याची माणसं त्यांच्या शाहिराभोवती उभी राहिली. जसोंडीचे शेतकरी होते सगळे, आणि पन्नासाच्या वर. गोटूचा हात वर होता तो तसाच राहिला, मग खाली आला. मधुकर शाहीर मागे वळून हळू म्हणाले, "बाई, बसूनच दे जबाब. मला ऐकू येतं."

मनकर्णेने बसल्या बसल्या, डोळे मिटून, गायला सुरुवात केली. बी फोडून जी झाडाला उठवते, ती कोण? ती आधी की झाड आधी? आवाज कापत होता, पण तुटला नाही. संपलं तेव्हा मधुकर शाहिरांनी आपल्या डफावर तिच्यासाठी एक थाप मारली. तेवढ्यात हवालदार आले आणि जत्रा पांगली.

पंधरा दिवस कौतिक गळ्यात हात बांधून घरी होता. मनकर्णा रोज गोदाबाईकडे यायची, हळद गरम करून द्यायची, त्याला भाऊ म्हणायची. ते त्याला दुखण्याहून जड जायला लागलं. एक दिवस गोदाबाई चुलीकडे गेली तेव्हा त्याने सांगून टाकलं.

"ताई, धोंड्याची बात पहिल्यांदा मी काढली. हॉटेलात. पहिला माझा म्हणालो होतो."

मनकर्णेचा हात थांबला. ती रडली नाही, ओरडली नाही. वाटी खाली ठेवून जरा मागे सरकली.

"तुमी त्या सकाळी आलात, तवा बी ह्ये बोलून झालं हुतं?"

"तेव्हा बी."

"हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

उखर्डूच्या हॉटेलात वाद चालूच राहिला. कोणी म्हणे बाईने इज्जत राखली, कोणी म्हणे बसून गाणं हे काय गाणं. कौतिक ऐकायचा, बोलायचा नाही. आपल्या तोंडून काय निघेल आणि ते कुठवर जाईल, याचं त्याला आता भय वाटे.

दिवाळीनंतर फड पुन्हा बसणार होता. झील धरू का, असं त्याने शालिग्रामकरवी विचारलं. मनकर्णेचा निरोप आला: पाठीमागं नको. यायचं तर समोर बसावं, मला दिसेल असं.

कौतिक गेला. मंचासमोर एकटाच बसला. मनकर्णेने डफ घेतला, मांडी घातली, आणि पहिली ओळ उचलण्याआधी त्याच्या दोन्ही हातांकडे नीट बघून घेतलं.