काचेतला मरळ

“हा मरळ होय,” बकाराम म्हणाले. “आज बोटाएवढा आहे. उद्या बाकीच्यायले गिळते.”

डिंपलने मान वर केली नाही. माशांची पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून ती मोबाइलवर वीस मिनिटं लावून बसली होती. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झाल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत, असं तिने वहीत लिहून घेतलं होतं. वहीत बरंच काही होतं. गप्पीबरोबर टायगर बार्ब नको, शेपट्या कुरतडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, तो वेगळा. एंजल मोठा झाला की निऑन खातो. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं: ज्याच्या तोंडात जो मावेल, त्याच्यासोबत त्याला ठेवू नये. झूलॉजीत फर्स्ट क्लास मिळवून सात वर्षं डबे भरल्यावर शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच कामी येत होतं.

“मामाजी, याला रेड लायनर म्हणतात. शांत असतो. दुकानातल्या रिंकूने खात्री दिली आहे.”

“रिंकूनं तलाव पाह्यला का कधी?”

“तुम्ही टाकी पाहिली होती का कधी?”

सासरे दिवाणावर जाऊन बसले. सहा वर्षांची आचल काचेला नाक लावून उभी होती. आठ गप्पी, सहा निऑन आणि तो एकटा लालभडक मासा. त्याचं नाव तिने दुकानातच ठेवलं होतं, टमाटर.

टाकी आचलच्या हट्टापायी आली असं गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या शेजारणींना वाटायचं. खरं तर ती डिंपलने सासऱ्यांना दिलेलं उत्तर होतं. सासूबाई गेल्यावर बकाराम गावचं घर बंद करून इथे राहायला आले. आपल्या पणज्याने तलाव बांधला, त्याच्या पाळीवर आपल्या घराण्याचा घाम आहे, हे ते गॅस सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा सांगत. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गावी गेले, तेव्हा कुणाला न सांगता ते आचलला तलावावर घेऊन गेले. डिंपल तासभर गावभर पळत होती. सापडली तेव्हा पोरगी गुडघाभर पाण्यात उभी, हातात कमळाचा देठ, आणि आजोबा काठावर बिडी पेटवत बसलेले. “मी होतो ना तिथं,” एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून घरात सासरे कोणत्या खोलीत आहेत, हे डिंपलला न बघता कळायचं. आणि आचलने तलाव, तलाव म्हणून डोकं उठवलं, तेव्हा तिने ही टाकी आणली. पाणीच पाहिजे ना? हे घे. बुडता न येणारं.

पंधरा दिवसांनी निऑन चारच भरले.

डिंपलने फिल्टर उघडला, खोटी झुडपं उचलली, सोफ्याखाली टॉर्च मारला. मेलेला मासा कुठेच नव्हता. पुढच्या आठवड्यात दोन गप्पी गेल्या. आचल शाळेत जायच्या आधी बोटाने मोजायची आणि मोजता मोजता ओठ काढायची.

“मेलेला मासा वर येते,” बकाराम दिवाणावरून म्हणाले. “खाल्लेला येत नाही.”

“तुम्हाला बरंच वाटत असेल.”

“मले कायले बरं वाटंल? लेकरू रडून राहिलं.”

“मग रोज रोज तेच काऊन बोलता?”

“तू आयकत नाही म्हणून.”

ते डिंपलच्या कानात दिवसभर घुमत राहिलं. ऐकत नाही! जणू याच एका गोष्टीसाठी तिला या घरात आणलं होतं. पाणी तपासायच्या पट्ट्या तिने मागवल्या. सगळं ठीक निघालं. म्हणजे दोष पाण्यात नव्हता. तिच्या वहीत तर नव्हताच. उरलं कोण?

ते एका सकाळी दिसलं. नवऱ्याचा, गजेंद्रचा डबा करायला ती सहाला उठली, तर सासरे टाकीशी उभे. झाकण बाजूला, बाही वर सारलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात आणि हातात चहाची गाळणी. फरशीवर एक निऑन पडला होता. सुकून दोऱ्यासारखा.

“हे काय करताय?”

बकाराम दचकले. गाळणी काचेवर आपटली. “मरळ काहाडून राहिलो होतो. हा उडी मारून भायेर आला, त्याच्या भेवानं.”

“त्याच्या भेवानं, की तुमच्या हातानं?” डिंपलचा आवाज चढला. “म्हणजे रोज पहाटे हेच चालू होतं! मी वेडी, फिल्टर खोलत बसले.”

गजेंद्र डोळे चोळत बाहेर आला. “काय हो गया?”

“विचारा यांनाच. पोरीला माझ्या पाठीमागे पाण्यावर नेलं तेव्हा मी गप्प बसले. आता तिचे मासे काढून फेकून राहिले. स्वतःचं म्हणणं खरं करायला. उद्या काय करतील?”

“बाबा, काऊन हात घातला तुम्ही? बोलायचं ना पहिले.”

“बोललो,” बकाराम म्हणाले. “पहिल्याच दिवशी.”

आचल दारात उभी राहून रडायला लागली. गजेंद्रने बायकोकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि ज्याच्याशी बोलणं सोपं त्याच्याशी बोलला. “बाबा, चार दिवस गावाला जाऊन या. माहोल जरा ठंडा होऊ द्या.”

“चारच दिवस कायले?”

अर्ध्या तासात त्यांची पिशवी भरली. गजेंद्रने त्यांना मोटारसायकलवर बसवून सडक अर्जुनीच्या गाडीत चढवून दिलं. डिंपलने त्यांची गादी गच्चीवर उन्हात टाकली आणि बऱ्याच दिवसांनी चहा गरम असताना प्यायली.

नववा दिवस होता. आचल शाळेत गेली होती. डिंपल टाकीची काच पुसत होती. टमाटर आता लाल राहिला नव्हता. पाठ शेवाळी, अंगावर काळपट पट्टे, लांबी तिच्या मधल्या बोटाहून जास्त. हे सगळं ती रोज बघत होती. चांगलं खातोय, म्हणून खूशही होती. एक गप्पी शेपूट हलवत त्याच्यासमोर आली. टमाटर जागचा हललासुद्धा नाही. नुसतं तोंड उघडलं. केवढं होतं ते! मिटलं तेव्हा ओठाबाहेर गप्पीची नारिंगी शेपटी क्षणभर फडफडली. मग तीही आत.

डिंपलच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिने मोबाइल घेतला, ‘मरळ पिल्लू’ असं टाइप केलं. पडद्यावर लालभडक पिल्लांचा घोळका आला. तळ्याकाठी वाढलेल्या कुठल्याही माणसाने लांबून ओळखला असता.

घरात कुणी नव्हतं. मासा संडासात टाकून पाणी सोडलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. म्हातारा चुकला तो चुकलाच राहिला असता. ती स्वयंपाकघरात जाऊन बालदी घेऊन आली. बालदी घेऊन बराच वेळ उभी राहिली.

रविवारी दुधाच्या डब्यात मासा घालून, आचलला घेऊन ती गावच्या गाडीत बसली. “फोन कर ना,” गजेंद्र म्हणाला. ती नाही म्हणाली.

बकाराम अंगणात वांग्याच्या रोपांना पाणी घालत होते. डब्यात डोकावून म्हणाले, “बरा वाढला.” पुढे काही बोलतील म्हणून डिंपल थांबली. त्यांनी डबा सावलीत ठेवला, वर ओलं फडकं टाकलं.

“आबाजी, टमाटरला खाशील नको!”

“नाही खात. एवढ्यानं पोट भरते का माह्यं? सांजेला सोडतो त्याले.”

मग त्यांनी खाट बाहेर काढली, तिच्यावर धुतलेली चादर अंथरली. पाय धुवायला तांब्या आणून ठेवला.

“मामाजी, माझं चुकलं,” डिंपल उभ्यानेच म्हणाली. “तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. चला घरी.”

“बस ना. उन्हातून आली.”

“मी चहा ठेवते.”

“बस, बाई. पाहुण्याले चुलीपाशी पाठवत नाही कोणी.”

ती बसली. चुलीचा धूर दारातून बाहेर येत होता. आत कपाटातल्या कपबश्या निघत असल्याचा आवाज आला. सासूबाई असताना त्या कपांतून फक्त व्याही लोकांना चहा मिळायचा. तिला त्या घरात नेहमी स्टीलचा पेला असे, आणि त्यावरून ती माहेरी आमगावला किती वेळा बोलली होती.

“मी रागानं नाही आलो,” बकाराम कप पुढे करत म्हणाले. “तिथं मी काय करून राहिलो ते तू पाहायची. अन् तू पाहून राहिली का, ते मी पाहायचो. दोघायचंही काम होत नव्हतं.”

“आता नाही बघणार मी.”

“पाहशील. लेकराची माय आहेस.” त्यांनी बशीत फुंकर घातली. “चारची गाडी भेटंल तुमाले. त्याच्या पुढची गर्दीची राहते.”

निघताना त्यांनी वांगी दिली, पिशवीला दोन गाठी मारून. सडकेपर्यंत सोबत आले, हात करून गाडी थांबवली, आचलला उचलून पायरीवर ठेवलं आणि कंडक्टरला सांगितलं, “गोंद्याची सवारी आहे. खिडकीपाशी जागा द्या.”

गाडी हलली. आचलने हात केला. बकारामांनीही केला, एकदाच. मग पलीकडून येणारा ट्रक जाऊ देत, रस्ता ओलांडायला ते काठावर थांबले.