मोकळ्या बाईची मुलगी

डुक्कर वेशीच्या फाटकापाशी जे बसलं ते उठेना. साल्वादोर पुढून दोरी ओढत होता, मादालेना मागून काठी हाणत होती, आणि फाटकावरचा डच शिपाई पाईप ओढत मजा बघत उभा होता. शेवटी ती वाकली, डुकराचा कान पिरगळला आणि आपल्या अंगोलाच्या बोलीत त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. डुक्कर मुकाट उठलं.

"काय सांगितलंस त्याला?" साल्वादोरनं हसत विचारलं.

"म्हटलं, तुझं मरण एकदाचंच आहे. नशीबवान आहेस, चल."

त्याचं हसू मावळलं. त्यांची लहानगी लेक मार्ता दोघांच्या मधून उड्या मारत चालली होती.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर एक पोसलेलं डुक्कर आणि गव्हाची पोती डच व्यापारी कंपनीच्या कोठारात नेऊन घालायची, ही त्यांच्या सुटकेची अट होती. किल्ल्याचे दगड वाहून आणि झाडं तोडून साल्वादोरची पाठ वाकली, तेव्हा कुठं कंपनीला दया आली आणि नवरा-बायकोला तिनं मोकळं केलं. जमीनही दिली. पण ती दिली गावाबाहेर, रानातल्या लोकांनी हल्ला केलाच तर पहिला बाण यांच्या छातीत घुसावा अशा बेतानं. डुक्कर चुकलं की पुन्हा गुलामी. आणि मुलं, झालेली आणि पुढं होणारी, ती कंपनीचीच. न्यू ॲमस्टरडॅममध्ये, डचांच्या या अमेरिकेतल्या गावात, याला सुटका म्हणत. ही अट ज्यानं लिहिली त्याला रात्री झोप कशी लागत असेल, असं कुणाला वाटेल. अशा माणसांना छान लागते.

कोठाराच्या अंगणात मुकादम योस्तनं डुकराची पाठ चिमटीत धरून बघितली. शेजारी काळ्या झग्यातले पाद्रीबाबा उभे होते.

"यंदा चांगलं पोसलंय," योस्त म्हणाला. "तुमची डुकरीण पण व्यायली म्हणे. पिल्लं जगली का?"

"जगली सगळी."

"मग मजा आहे तुमची! विका, चार पैसे गाठीला बांधा. तुमचीच आहेत ती."

बोलता बोलता त्याची नजर मार्तावर गेली. "हात दाखव गं पोरी."

मार्तानं कौतुकानं दोन्ही हात पुढं केले. योस्तनं ते उलटेपालटे करून पाहिले आणि पाद्रीबाबांकडं बघून मान हलवली.

"बाबांच्या स्वयंपाकघरात पोरगी हवीय. सोमवारी हिला पोचती करा."

मादालेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो आपल्या पायांकडं बघत होता.

"साहेब, डुकरिणीची पिल्लं माझी, असं आत्ताच म्हणालात ना?"

"म्हणालो की."

"मग ही कुणाची?"

योस्तनं डोकं खाजवलं. "नियम मी केला नाही, बाई."

"मादा, गप," साल्वादोर पुटपुटला.

ती गप्प बसली नाही. ती पाद्रीबाबांकडं वळली. "बाबा, हिला बाप्तिस्मा द्या म्हणून किती खेपा घातल्या तुमच्याकडं. पाया पडले. तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत."

"माझ्या घरी ती प्रार्थना शिकेल," बाबा शांतपणे म्हणाले. "देवाच्या कृपेतच वाढेल."

"मग आता द्याल बाप्तिस्मा?"

"श्रद्धा दिसली तर बघू. तुम्हा लोकांना येशू नको असतो, बाप्तिस्म्याच्या जोरावर मुलांची सुटका हवी असते."

"दोन्ही मागितलं तर काय बिघडलं? येशूकडं काय कमी आहे का?"

योस्त खुसकन हसला आणि लगेच खोकला. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. मग योस्तनं आवाज चढवला. "तोंड आवर. हे डुक्कर रोडकं ठरवायला मला वेळ लागायचा नाही. मग तुम्ही दोघंही परत आमच्या खोपटात."

परतीच्या वाटेवर मार्ता दमून बापाच्या खांद्यावर झोपली. वेशीबाहेर पडल्यावर मादालेना फुटली.

"जन्मभर त्यांचे दगड उचललेस. लेकीसाठी एक शब्द उचलता आला नाही तुला?"

"उचलला असता तर तिघंही आत गेलो असतो." त्यानं खांद्यावरची पोर सावरली. "आता एकटीच जातेय."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. रस्त्याच्या कडेला तो मटकन खाली बसला. पोरगी जागी होऊ नये म्हणून मूठ तोंडात कोंबून रडला. मादालेनाला त्याची कीव आली नाही. राग एवढा होता, की कीव मावायला जागाच उरली नव्हती.

सोमवारी तिनं मार्ताला न्हाऊ घातलं, वेणी घातली. साल्वादोर निघायला लागला तशी ती म्हणाली, "तू जनावरं बघ. आता सगळं तुलाच बघायचंय."

त्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं आणि तो जनावरांकडं वळला.

पाद्रीबाबांच्या घराचं मागचं दार त्यांच्या बायकोनं उघडलं. तिनं मार्ताला नखशिखांत न्याहाळलं आणि एक लाकडी बादली तिच्या हातात दिली. रिकामीच होती, तरी पोर एका अंगाला कलली.

"तू जा आता," ती मादालेनाला म्हणाली.

मादालेना दार ओलांडून आत आली. तिनं बाह्या सारल्या.

"अगं, तुला नाही बोलावलं. आणि पगार-बिगार काही मिळायचा नाही, सांगून ठेवते."

"नको मला."

"हे काय नवीन? तू तर मोकळी आहेस ना?"

"आहे की. कुठं जायचं, कुठं राहायचं, हे मला आता कुणी विचारायचं नाही. तुमच्या कंपनीचाच शब्द आहे तो. मला इथं राहायचंय."

बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकीच्या जागी दोघी मिळत होत्या, त्याही फुकट, तरी तिला संताप आला. फुकटच्या कामाचा राग येणारी त्या गावातली ती पहिलीच बाई असेल. तिनं नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, पण बोलावून सांगायचं काय, हे तिला सुचेना.

मादालेनानं मार्ताच्या हातातून बादली काढून घेतली.

"विहीर कुठंशी आहे, बाई?"