पिवळ्या पोटाचं विमान

तलासरीच्या नाक्यावर गाडी थांबली, तरी कॅप्टन तुषारचं बोलणं थांबलं नाही. बोर्डीच्या चिकूवाडीत वाढलेला हा माणूस मुळातच बोलका, आणि आज तर मुंबईपासून इथवर तो एकच विषय दळत आला होता. कंपनी सोडायची की नाही.

दोघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र आलं होतं. दुसरी विमान कंपनी बोलावत होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. तुषारचं ठरलं होतं. आपल्या कंपनीची भाड्यानं आणलेली विमानं एकेक करून परत चालली आहेत, विमानच उरलं नाही तर पायलटनं काय चिकूच्या झाडावर चढून बसायचं, असा त्याचा सवाल होता. पण तो इथेही कॅप्टन होता आणि तिकडेही कॅप्टनच राहणार होता. शेजारी बसलेल्या दक्षा हाडळचं तसं नव्हतं. ती चार वर्षं को-पायलट होती. खांद्यावर तीन पट्ट्या होत्या, आणि आहे तिथेच राहिली तर आठ महिन्यांत चौथी पट्टी चढून ती कॅप्टन होणार होती. नव्या कंपनीत मात्र नवा माणूस यादीत सगळ्यांच्या मागे उभा राहतो. तिथे कॅप्टन व्हायला आणखी तीन वर्षं, कदाचित चारही लागली असती.

"पट्टी आज ना उद्या मिळेल," तुषार म्हणाला. "आधी विमान तर हवं."

"सोमवारी सांगते, सर," म्हणून दक्षा उतरली.

चौथी पट्टी कशासाठी हवी होती ते तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळवून ती विमान शिकायला निघाली, तेव्हा अख्खा पाडा एस.टी.पर्यंत सोडायला आला होता. तिचा चुलता हाल्या ताडी काढायचा. त्यानं विचारलं होतं, इमान तू चालवणार की चालवणाऱ्याच्या बाजूला बसणार? सगळे हसले होते. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की चालवीन, आणि माझ्या बाजूला दुसरा बसेल. तो शब्द पुरा व्हायला आता आठ महिने उरले होते आणि हे पत्र मध्येच उपटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईबापामागे शेतावर गेली. एप्रिल संपत आला होता. राब लावायचे दिवस. भाताचं बी पेरायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमानं येतं. पण राबाला काडी लावायची ती वारा पडलेला असताना, उजाडता उजाडता. दहाच्या सुमाराला समुद्राकडून वारा उठतो आणि मग आग कुणाचं ऐकत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि इथे तर साडेनऊ वाजून गेले होते. राब रचून तयार होता, शेजारच्या तुकड्यांवरचेही तयार होते, आणि माणसं बांधावर निवांत बसली होती. काडेपेटी जिव्याच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, हातात होती आणि तो ती नुसती खुळखुळवत होता.

दक्षाला राहवेना. कसली वाट बघताय, असं तिनं विचारलं.

हिरी, तिची आई, लेकीच्या अडाणीपणाला हसली. "तुजा इमान येऊ दे ना आधी. तुला धूर दिसाया नको काय?"

दक्षाला आधी काही उमगलंच नाही. मग आवाज आला. उत्तरेकडून, उंचावरून, दबलेला घरघराट. आणि सगळा पाडा उभा राहिला. बायांनी डोक्यावर पदर घेतले. म्हातारी बुधीबाई काठीवर जोर देऊन उठली. समोरच्या ताडाच्या शेंड्याशी हाल्या होता, त्यानं एका हातानं झाड कवटाळलं आणि दुसऱ्या हातातला कोयता वर धरला. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. जिव्यानं काडी ओढून राबाला लावली, तीस-चाळीस हात वर गेले आणि विमान डोंगराआड होईस्तोवर तसेच राहिले. राबाचा धूर सरळ वर चढत होता.

चार वर्षं रोज हे असंच चाललं होतं, हे दक्षाला बुधीबाईनं सांगितलं. लावणीच्या दिवसांत बाया याच वेळेला कंबर सरळ करत. विमान गेल्याशिवाय हिरी भाकर तोंडात घालत नसे. पावसाळ्यात ढगांआडून नुसता आवाज आला तरी तिचं भागत असे, पण तोही आला नाही तर त्या दिवशी ती उपाशीच. गेल्या साली उशिरा पेटवलेल्या राबाची ठिणगी उडून हाल्याच्या गवताची उडवी जळाली, तरी कुणी वेळ बदलली नव्हती.

आणि ते विमान तिचं नव्हतंच. तिच्या कंपनीच्या विमानाचं पोट पांढरं होतं. हे पिवळ्या पोटाचं विमान दुसऱ्या कंपनीचं होतं, जिचं पत्र तिच्या बॅगेत पडलं होतं तिचं.

चूक कुठे झाली ते तिच्या लगेच लक्षात आलं. २०१४ साली, अगदी पहिल्या दिवशी, तिनंच आईला फोनवर सांगितलं होतं की उद्या पावणेदहाला मी आपल्या पाड्यावरून जाणार. प्रत्यक्षात विमानांच्या गर्दीमुळे त्यांना समुद्रावरून वळवलं आणि तिला पाडा दिसला नाही. संध्याकाळी फोनवर हिरी म्हणाली होती, "दिसला गं, तुजा इमान दिसला." आईच्या आवाजातला आनंद मोडवेना, म्हणून दक्षा गप्प बसली. पुढे तिला कोची, चेन्नई, हैदराबाद असे दक्षिणेकडचेच मार्ग मिळाले. इकडून ती क्वचितच गेली, आणि या वेळेला तर एकदाही नाही.

दुपारी आंब्याखाली बाप एकटा सापडला तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिव्या विडी वळत होता, तो वळतच राहिला.

"माना ठावं होता," तो म्हणाला. "दोन वरसां झाली. तू फोटो धाडलेलास, त्यात पोट पांढरा होता."

"मग सांगितलं का नाही? आई उपाशी राहते, बाबा."

जिव्यानं विडी कानावर खोचली. "त्यात पन कोनाची तरी पोर हाय ना? तिची आयस ऱ्हात असंल लांब. तिला कय दिसनार? म्हनून आमी बघतो. तुजा इमान बघाया पन कोन तरी उबा ऱ्हात असंल."

तीन हजार तास दक्षा उडाली होती. खालच्या जमिनीवरचे डोंगर, नद्या, धावपट्ट्या तिनं बारकाईनं पाहिल्या होत्या. पण खाली कुणी मान वर करून उभं असेल, आपल्या नावाचं नाही, नात्याचं नाही, तरी आपण सुखरूप उतरावं म्हणून जेवण थांबवून बसलं असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आणि या माणसानं, जो आयुष्यात विमानात बसला नव्हता, ते दोन वर्षं मनात ठेवून रोज हात वर केला होता. पट्ट्या कुणाच्या लक्षातही नव्हत्या. तीन की चार, डावीकडे कॅप्टनच्या जागी बसते की उजवीकडे, पाड्यानं कधीच मोजलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

हा नमस्कार जिथे रोज पोचतो, तिथे एकदा तरी आपण असायला हवं, एवढंच तिला वाटलं. सोमवारची वाट न पाहता तिनं होकार कळवून टाकला.

त्याची किंमत तिनं भरली. नियमाप्रमाणे सहा महिने जुन्या कंपनीत काढले, मग नव्या यादीच्या तळाशी जाऊन उभी राहिली. डिसेंबरात तिच्या बरोबरीच्या मुलीनं चौथ्या पट्टीचा फोटो पाठवला. दक्षानं अभिनंदन लिहिलं आणि तो फोटो पुन्हा एकदा उघडून पाहिला.

पुढच्या एप्रिलमध्ये तिला सकाळचं दिल्ली-मुंबई मिळालं. डावीकडे कॅप्टन तुषार, उजवीकडे ती. आदल्या रात्री तिनं बापाला कळवलं होतं की उद्या खरंच मी आहे. त्याला सगळं समजावूनही झालं होतं. या वेळेला इतर पाड्यांचे राब कधीच विझलेले असतात, धूर एकच असेल, तो आपला, मी बरोबर ओळखीन. तुषारलाही तिनं तेच सांगून ठेवलं होतं.

वीस हजार फुटांवरून विमान उतरणीला लागलं. उजवीकडे झाईचा किनारा आला, पुढे कुर्झ्याच्या धरणाचं पाणी चमकलं, आणि दक्षा काचेला टेकली.

धूर एक नव्हता.

धरणाच्या अलीकडे, पलीकडे, डोंगराच्या कुशीत, पार किनाऱ्याच्या पट्ट्यापर्यंत धूर उठत होते. ताजे, नुकते पेटलेले, वारा नसल्यानं सरळ वर येणारे. तिनं मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं. पहाटे लागायचे ते राब पावणेदहापर्यंत थांबले होते. एका पाड्याचे नाही, सगळ्या मुलखाचे. बापानं रातोरात निरोप फिरवला असणार.

कंट्रोलरनं रेडिओवर हाक दिली. उत्तर देणं तिचं काम होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या हातून राहिलं. तुषारनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच उत्तर दिलं. दक्षानं हात वर केला होता, आणि धूर मागे पडेपर्यंत तो तसाच होता.

संध्याकाळी फोन आला. आपला राब कुठला होता हे तिला अजूनही माहीत नव्हतं. जिव्याच्या हातून हिरीनं फोन ओढून घेतल्याचं ऐकू आलं.

"आमचा राब दिसला काय गं?"

"दिसला, आये," दक्षा म्हणाली. "दिसला."