पडद्याआडचा हात

मामा तिला सुई म्हणत. अंगानं काडीसारखी आणि बोलणं टोचणारं, म्हणून. नंतर ती खरोखरच सुया टोचायला लागली, तीही त्यांच्याच दवाखान्यात, तेव्हा त्या नावाचं हसू येईनासं झालं. अ‍ॅक्युपंक्चर तिला मामांनी शिकवलं. त्याच्याही आधी शिकवली नाडी. तीन बोटं मनगटावर टेकवायची, डोळे मिटायचे आणि वाट बघायची. निसरडी नाडी, तारेसारखी ताठ नाडी, दोऱ्यासारखी बारीक नाडी. "सुई कुठे टोचायची ते पुस्तक सांगेल," मामा म्हणत, "का टोचायची ते नाडी सांगते."

तिनं पीएचडीला नाव घातलं आणि विषय घेतला तोही नाडीचाच: एकाच माणसाची नाडी वेगवेगळ्या जाणकारांना सारखीच लागते का? सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला. आयुष्यभर लोकांनी थट्टा केली, आता भाचीच विद्यापीठाचा शिक्का आणून देणार. तीन जाणकार हवे होते. पहिलं नाव त्यांनी स्वतःच सुचवलं, स्वतःचं.

विद्यापीठातल्या एका खोलीत पडदा लावला. पडद्यातून फक्त हात बाहेर यायचा. जाणकारानं नाडी बघायची आणि जे वाटेल ते शेजारी बसलेल्या लेखनिकाला सांगायचं. प्रत्येक हात दिवसातून दोनदा यायचा, पण हे जाणकारांना माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी हात देणाऱ्यांपैकी एक बाई आल्याच नाहीत. तिच्या पीएचडीच्या गाईड म्हणाल्या, "खुर्ची रिकामी नको. तूच बस."

तिनं घड्याळ काढलं आणि हात पडद्यातून सरकवला. मामांची बोटं तिनं लगेच ओळखली. लहानपणी ताप आला की हीच बोटं मनगटावर असायची. तिला हसू येत होतं. आता ओळखतील आणि सगळा घोळ होईल.

"वय साठीच्या पुढचं," मामा सावकाश म्हणाले. "पुरुष. मूत्रपिंड थकलंय. झोप नाही."

तिचं हसू विरलं. दुपारी तोच हात पुन्हा गेला. "तरुण मुलगा," मामा तितक्याच खात्रीनं म्हणाले. "जेवण अंगावर आलंय, एवढंच."

आकडे आले तेव्हा तिघांचं एकमेकांशी फारसं जुळत नव्हतं. पण मामांचं स्वतःशीच जुळत नव्हतं.

"माझा हात वगळूया," ती गाईडना म्हणाली.

"वगळायलाच हवा, तो नियमात बसत नाही," गाईड म्हणाल्या. त्यांनी तो वगळून पुन्हा गणित केलं. काही फरक पडला नाही. "निष्कर्ष स्वच्छ आहे. प्रबंध चांगला होईल."

मामा रोज विचारत होते. आठवडाभर तिनं 'काम चालू आहे' म्हणून वेळ मारून नेली. एका सकाळी दवाखाना उघडताना ते पुन्हा म्हणाले, "मी कसा निघालो ते तरी सांग."

तिनं सांगितलं. दोनदा येणारे हात, न जुळणारी उत्तरं, सगळं. शेवटी पडद्यामागे कोण होतं तेही.

मामा बराच वेळ सुयांचा डबा पुसत राहिले. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात," ते म्हणाले. "इथे हात तुझा आणि अवलक्षण माझं."

"मामा, बाकीच्या दोघांचंही..."

"ते राहू दे. मला एक सांग. माझी बोटं आता गेली, की पहिल्यापासून हे असंच होतं?"

तिनं उत्तर शोधलं. तिच्या सगळ्या आकड्यांत या प्रश्नाला जागाच नव्हती. "ते नाही कळत यातून," ती म्हणाली.

"एवढी शिकलीस, आणि तेवढंच नाही कळत?"



बाहेर खांदा धरलेली एक शिंपीणबाई येऊन बसली होती. मामांनी तिला आत घेतलं. सवयीनं तिचं मनगट हातात घेतलं आणि तसंच धरून राहिले. मग म्हणाले, "सुई, तू बघ."

तिनं तीन बोटं टेकवली. नाडी निसरडी लागली, मामांनी शिकवली होती अगदी तशी. म्हणूनच तिला त्या नाडीचा भरवसा वाटेना.

"काय आहे?" शिंपीणबाईनं विचारलं. "बरी होईन ना मी?"

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाचीनं मामांकडे.

"होईल कमी," मामा म्हणाले, आणि खांद्याभोवती सुया लावल्या. जाताना बाई म्हणाली, हलकं वाटतंय. दोघांपैकी कुणालाच त्याचा आनंद मानता आला नाही.

तिला पदवी मिळाली. परीक्षकांनी धाडसाचं कौतुक केलं. दवाखान्यात मात्र काहीच बदललं नाही, कारण पेशंट आत येतात ते हात पुढे करूनच. नाडी बघितली नाही तर त्यांना तपासल्यासारखं वाटत नाही. एकदा तिनं धीर करून विचारलं, "मामा, नाडी बघणं थांबवायचं का आपण?"

"थांबवून काय करू?" मामा म्हणाले. "मला दुसरं काय येतं?"

तेवढ्यात पुढचा पेशंट आला. तिनं त्याचं मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटले.