कातळावरची जागा

"मोटारीच्या जोरावर आलेल्यांनी कातळावर बसायचं नाही," सायकलच्या गटातले दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि टेकता टेकता आमच्या सासूबाई पुन्हा उभ्या राहिल्या.

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा माझा तिळपापड झाला. आईंनी जन्मभर इस्पितळात नर्सची नोकरी केली आणि दर रविवारी त्या गटाबरोबर डोंगरवाटेने सायकल चढवली. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितलं. आईंनी भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस केली आणि विजेच्या सायकलवर तडजोड झाली. तिलाही पाय मारावेच लागतात, मोटार फक्त मदतीला असते. पण हे ऐकतो कोण? शेजारीण म्हणाली, त्यापेक्षा स्कूटर घ्यायची. आमचे हे म्हणाले, लोक हसतील. आई म्हणाल्या, हसू देत, फुप्फुसांना चांगलं असतं.

गंमत अशी, की कातळाचा नियम आईंचाच. पूर्वी कुणाचा तरी मेहुणा जीपने माथ्यावर येऊन त्या कातळावर ऐसपैस पसरला होता. तेव्हा आईंनी त्याला उठवलं आणि सगळ्यांना बजावलं, इथे पायांनी आलेल्यांनीच बसायचं.

"त्या जीपवाल्यात आणि तुमच्यात काही फरक आहे की नाही?" मी म्हटलं.

"आहे की. पण नियम माझा, तो माझ्यासाठीच कसा वाकवू?"

बोलल्या हसत, पण त्यांना लागलं होतं. ती माणसं त्यांची होती. त्या दिवशी ताटात अर्धं अन्न तसंच राहिलं. तरी दर रविवारी त्या गेल्या, आणि माथ्यावर सगळे बसलेले असताना उभ्या राहून पाणी प्यायल्या.

मग एका रविवारी त्यांनी मलाच ओढून नेलं. माझी साधी सायकल, बाजाराच्या पुढे कधी न गेलेली. सगळ्यांना वाटलं, मोटारवाल्या बाई भुर्रकन पुढे जातील. आई मात्र माझ्या मागे, माझ्या गोगलगायीच्या चालीने. खड्या वळणावर मी उतरले आणि म्हणाले, हे आपलं काम नाही, मी परत जाते.

"श्वास घे आणि बस परत," आई म्हणाल्या. "पेशंट पळाला तर नर्सची अब्रू जाते."

मी तीनदा उतरले आणि तीनदा बसले. गट केव्हाच वर पोचला होता. मोटार असलेली बाई त्या वाटेवर सगळ्यांत शेवटची होती, आणि तिने मला एकदाही घाई केली नाही.

शेवटी मी माथ्यावर पोचले. दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "या सूनबाई, बसा. तुमचा हक्क आहे."

"मी आईंजवळ उभी राहते," मी म्हटलं.

"नाटकं नकोत. पायांनी आलीयस, गुपचूप बस," आई म्हणाल्या.

मी बसले. बसल्यावर मात्र रडू आवरेना. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं मनगट हातात घेतलं.

दातांचे डॉक्टर माझ्या शेजारून उठले. "बाई, बसा तुम्ही," ते हळूच म्हणाले.

आईंनी वर पाहिलंही नाही. त्या घड्याळाकडे बघत माझी नाडी मोजत होत्या.